क्लिक किती फिरवायचे? एमओए आणि मिलबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लांब पल्ल्याच्या टार्गेट नेमबाजीवर दोन पानं दिली होती, त्यात "दोन मिल वर घ्या", "पाव एमओएचं क्लिक" असं बरंच येऊन गेलं (एमओए आणि मिल ही नेम दुरुस्त करायची मापं, क्लिक म्हणजे स्कोपच्या, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीच्या, नॉबचा एक टप्पा). त्यावर पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज भरपूर आलेत, काहींनी तर आपापल्या स्कोपच्या नॉबचे फोटोच पाठवलेत. सगळ्यांना जागा देता येणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: माझ्या स्कोपच्या नॉबवर १/४ एमओए लिहिलंय, मित्राच्या स्कोपवर ०.१ मिल. तो म्हणतो मिलच घे, ते मेट्रिक आहे, एमओए जुनाट झालं. मी आपला फुटा-इंचात विचार करणारा माणूस. स्कोप बदलू का?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर: नका बदलू, निदान मित्र म्हणतो म्हणून तर नकोच. तो जे कारण सांगतोय तेच मुळात चुकीचं आहे.

दोन्ही मापं कोनाची आहेत, लांबीची नाहीत. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं. नॉब फिरवला की स्कोपची नजरेची रेषा आणि बॅरल यांच्यातला कोन बदलतो, आणि तो कोन किती अंतरावर नेऊन मोजायचा यावर गोळी टार्गेटवर किती सरकणार ते ठरतं. १०० मीटरला जेवढी सरकली त्याच्या दुप्पट २०० ला, दहापट १००० ला. म्हणून नॉबवर सेंटिमीटर छापून भागत नाही, कारण तुम्ही कुठल्या अंतरावर उभे आहात हे नॉबला काय माहीत?

एमओए म्हणजे मिनिट ऑफ अँगल, एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो होतो २.९१ सेंटिमीटर, १०० यार्डावर १.०४७ इंच. तुमचं एक क्लिक त्याच्या पावपट, म्हणजे १०० मीटरवर साधारण ७.३ मिलिमीटर. मिल म्हणजे मिलिरेडियन, अंतराचा हजारावा भाग. १०० मीटरचा हजारावा भाग १० सेंटिमीटर, म्हणून मित्राचं ०.१ मिलचं क्लिक तिथे बरोबर १ सेंटिमीटर. म्हणजे बारीक क्लिक तुमचं आहे, त्याचं नाही, हे त्याला सांगा जरा.

आता ते "मिल म्हणजे मेट्रिक" प्रकरण. हजारावा भाग कशाचाही काढता येतो. १००० मीटरला १ मीटर, १००० यार्डाला १ यार्ड, १००० फुटाला १ फूट. त्यात मेट्रिक काही नाही. मीटर-सेंटिमीटरमध्ये आकडे गोल येतात म्हणून आपल्याला तसं वाटतं इतकंच, यार्ड-इंच धरले तर तोच मिल १०० यार्डाला ३.६ इंच असा बेढब होतो.

आणि खरं सांगू का, रेंजवर इंच किंवा सेंटिमीटर यांच्यात विचार करायची वेळच येऊ नये. समजा ६०० मीटरवर टार्गेट आहे, गोळी लागली ती खाली आणि उजवीकडे. स्कोपमधल्या रेटिकलच्या, म्हणजे आत दिसणाऱ्या नेमाच्या रेघांच्या, खुणांवर बघा, मध्यापासून ०.७ मिल खाली, ०.४ मिल उजवीकडे. झालं की! सात क्लिक वर, चार क्लिक डावीकडे. ते ४२ सेंटिमीटर होतं का अर्धा मीटर, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही, अंतर नेमकं माहीत नसलं तरी ही दुरुस्ती बरोबरच येते कारण मोजलं त्याच कोनात आणि फिरवलं पण त्याच कोनात. लोक मात्र आधी कोनाचे सेंटिमीटर करतात, मग सेंटिमीटरचे क्लिक करतात, आणि मधे कुठंतरी दशांश चिन्ह सांडून येतात.

म्हणून बघायचं ते हे, की रेटिकल आणि नॉब एकाच मापात आहेत ना. जुन्या बऱ्याच स्कोपमध्ये रेटिकल मिलचं आणि नॉब एमओएचा असली खिचडी असायची, मग प्रत्येक वेळी ३.४४ ने गुणायचं (एक मिल म्हणजे ३.४३८ एमओए). तुमचा स्कोप तसा असेल तरच बदलायचा विचार करा. दोन्ही एमओएमध्ये असतील तर मस्त चाललंय तुमचं.

प्रश्न: मी तोफखान्यातून निवृत्त झालो. आमच्याकडे पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल शिकवायचे. तुमच्या लेखातला मिल धरून नातवानं हिशोब केला तर त्याला ६२८३ आले. दोघांपैकी कोण चुकतंय?
– निवृत्त हवालदार, मोहोळ

उत्तर: कोणीच नाही साहेब. नातवाचा गणिताचा मिल आहे, तुमचा कामाचा मिल.

वर्तुळाच्या त्रिज्येएवढा कंस घेतला की केंद्राशी जो कोन होतो तो एक रेडियन, साधारण ५७.३ अंश. पूर्ण वर्तुळात असे २ पाय (π) रेडियन, म्हणजे ६.२८३१८…, हजारानं गुणलं की ६२८३ आणि वर शेपूट. आता असल्या आकड्याचे समान भाग पाडून होकायंत्राच्या तबकडीवर खुणा करायला गेलात तर अर्धा, पाव, अष्टमांश काहीच नीट येत नाही. म्हणून तोफखान्यांनी जवळचा सोयीचा आकडा धरला. नाटो देशांनी ६४००, सोव्हिएत पद्धतीत ६०००, स्वीडननं तर ६३०० धरले होते. ६४०० चा फायदा असा की अर्धा करत जा, ३२००, १६००, ८००, ४००, कुठंही अडत नाही. खऱ्या मिलिरेडियनपेक्षा हा मिल पावणेदोन टक्क्यांच्या आसपास लहान पडतो, पण तोफेच्या कामात "१ किलोमीटरला १ मीटर" हा तोंडी हिशोब तेवढ्यानं बिघडत नाही. रायफलच्या स्कोपवर मात्र आजकाल मिल लिहिलं असेल तर नातवाचा ६२८३ वालाच समजायचा.

पत्र वाचून आणखी एक आठवलं म्हणून सांगतो, नातवाला आवडेल. अंश, कला, विकला हे माप आपल्याला परकं नाही, आपल्या सोलापूरचं पंचांग महाराष्ट्रभर घरोघरी जातं, त्यात ग्रहांची स्थिती याच मापात असते. अंशाचा साठावा भाग ती कला, म्हणजे एमओएच. वर्तुळाच्या ३६० अंशांच्या २१,६०० कला. आर्यभटांनी 'ज्या'चं (आजच्या साइनचं) कोष्टक दिलं त्यात वर्तुळाची त्रिज्या ३४३८ धरलेली आहे. हा आकडा कुठून आला? २१,६०० ला २ पायनं भागा. म्हणजे त्रिज्येएवढा कंस घेतला तर त्यात ३४३८ कला बसतात, आणि वर मी एका मिलमध्ये ३.४३८ एमओए सांगितले तो याचाच हजारावा भाग. दीड हजार वर्षांपूर्वीचा आकडा आज रायफलच्या स्कोपचा हिशोब करताना जसाच्या तसा समोर येतो. मला तर हे फार भारी वाटतं बुवा.

प्रश्न: मुलगी आठवीत आहे, १० मीटर एअर रायफल शिकते. सर म्हणतात "तीन क्लिक डावीकडे घे", घरी आल्यावर ती मला विचारते एक क्लिक म्हणजे किती, आणि मला काही सांगता येत नाही.
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, एअर रायफलच्या मागच्या साइटचं एक क्लिक किती सरकतं ते कंपनीप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलतं, त्यामुळे मी इथं एक आकडा ठोकून दिला तर तो तिच्या रायफलला लागू पडेलच असं नाही. पण काढणं सोपंय. तिला म्हणावं, पाच छर्रे मार, मग साइट वीस क्लिक एका बाजूला फिरव, नेम तिथंच ठेवून परत पाच मार. दोन्ही ग्रुपच्या (पाच-पाच छर्‍यांच्या झुबक्यांच्या) मध्यांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं आणि वीसनं भागायचं. समजा ४ मिलिमीटर आलं तर एक क्लिक ०.२ मिलिमीटरचं. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं, वर-खाली आणि डावं-उजवं वेगवेगळं तपासून, कारण दोन्ही सारखीच असतील असं धरून चालू नये.

१० मीटरला एक मिल म्हणजे बरोबर १ सेंटिमीटर, आणि एक एमओए २.९ मिलिमीटर. टार्गेटवरचा दहाचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, त्याची कड त्या ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे छर्‍याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पाहिजे. तेवढाच, अडीच मिलिमीटरचा, पुढच्या प्रत्येक वर्तुळाचा पट्टा. कोनात सांगायचं तर पाव मिल, एका एमओएपेक्षाही कमी. आठवीतली पोर एवढ्या बारीक कोनाशी रोज झटते, कौतुक करा तिचं!

एक मात्र तिला नक्की सांगा. एक छर्रा भलतीकडे गेला की लगेच साइट फिरवायची नाही. तो श्वासामुळे गेला असेल, ट्रिगर हिसकल्यामुळे गेला असेल, आणि साइट फिरवलीत की पुढचा चांगला मारलेला छर्रा पण बाहेर जाणार. ग्रुप बघायचा, ग्रुपचा मध्य कुठंय ते बघायचं, मगच क्लिक. आणि हो, सर समोर आहेत तोवर सरांचं ऐकायचं, माझं नाही.

प्रश्न: आमच्या क्लबातले एक काका म्हणतात, १ एमओए म्हणजे १०० यार्डावर १ इंच धरायचा, ते ०.०४७ वगैरे पुस्तकी किडे. बरोबर आहे का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: काका १०० यार्डावर मारत असतील तोवर बरोबर आहेत. पावणेपाच टक्क्यांचा फरक, तिथं तो गोळीच्या भोकातच लपतो.

१००० यार्डावर जा म्हणावं. समजा तिथं गोळीची घसरण भरून काढायला ३० एमओए वर घ्यावे लागतायत. खरा एमओए धरला तर ३० म्हणजे ३१४ इंच, काकांचा धरला तर ३०० इंच. फरक १४ इंच! एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या स्पर्धेच्या १००० यार्डांच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळच १० इंच व्यासाचं असतं, म्हणजे काका सगळं नीट करूनही वर्तुळाच्या बाहेर. गंमत अशी की काही स्कोप खरंच "१०० यार्डाला १ इंच" या मापात बनवलेले असतात आणि गोळीच्या मार्गाचा हिशोब करणाऱ्या बॅलिस्टिक अ‍ॅपमध्येही तो पर्याय वेगळा असतो. तेव्हा अ‍ॅपमध्ये युनिट निवडताना आपल्या स्कोपचं माहितीपत्रक बघून निवडा, अंदाजे नको.

आणि नॉबवर लिहिलंय तेवढंच तो सरकतो का, हेही एकदा तपासून घ्या. १०० मीटर टेपनं मोजून उंच कागद लावायचा, त्यावर ओळंब्यानं उभी रेघ मारायची, खाली एका ठिपक्यावर ग्रुप काढायचा, मग १० मिल वर फिरवून त्याच ठिपक्यावर नेम धरून परत मारायचं. नवा ग्रुप १०० सेंटिमीटर वर यायला पाहिजे. एमओएवाल्यांनी ३० फिरवले तर ८७.३ सेंटिमीटर. ९८ आला तर तुमचा स्कोप दोन टक्के कमी देतोय, ते अ‍ॅपमध्ये भरा, विषय संपला. ग्रुप रेघेच्या एका बाजूला सरकत वर गेला तर स्कोप रायफलवर तिरका बसलाय, तो सरळ करून घ्या आधी.

प्रश्न: गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर फुगे फोडायची बंदूक असते तिचा नेम मुद्दाम वाकडा केलेला असतो का? मी कितीही नीट धरली तरी उजवीकडेच जाते.
– इयत्ता नववी, सोलापूर

उत्तर: मुद्दाम का आपोआप ते त्या दुकानदारालाच ठाऊक, पण दिवसभर शंभर हातांत जाणारी, दहादा पडलेली बंदूक सरळ राहील कशी रे? तुझं काम सोपंय. पहिला छर्रा फुग्यावर वाया घालवू नको, मागच्या फळीवर एखादी खूण हेर आणि तिथं मार. समजा ६ सेंटिमीटर उजवीकडे लागला. मग फुग्याच्या मध्यापासून ६ सेंटिमीटर डावीकडे नेम धर, बस. अंतर बदलत नाही ना तिथं, मग कोनाबिनाची भानगड कशाला, सेंटिमीटर चालतात.

पण तुला कोनाचा हिशोब बघायचाच असेल तर बघ. फळी ३ मीटरवर आहे, तिथं १ मिल म्हणजे ३ मिलिमीटर, तर ६ सेंटिमीटर म्हणजे २० मिल. बंदुकीच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये अर्धा मीटर अंतर असेल तर अर्ध्या मीटरवर २० मिल म्हणजे १ सेंटिमीटर. म्हणजे मागची साइट १ सेंटिमीटर डावीकडे सरकवली की बंदूक सरळ झाली. मागची साइट नेहमी ज्या बाजूला गोळी न्यायची त्याच बाजूला सरकवतात, पुढची त्याच्या उलट. प्रत्यक्षात हात लावू नको, दुकानदार ओरडेल.

प्रश्न: माझ्या स्कोपमध्ये झूम कमी-जास्त केला की रेटिकलच्या खुणांचं माप चुकतं असं वाटतं. स्कोप खराब आहे का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर: खराब नाही, तुमचं रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये आहे. त्यात झूम केलं की चित्र मोठं होतं पण रेघा तेवढ्याच राहतात, त्यामुळे खुणांचं माप एकाच ठरावीक झूमला खरं असतं, बहुतेक वेळा सर्वात जास्त झूमला. २० पटीला एक खूण १ मिल असेल तर १० पटीला तीच २ मिल होते. पहिल्या फोकल प्लेनवाल्यात रेघा चित्राबरोबर लहान-मोठ्या होतात, तिथं हा घोळ नाही, पण पैसे जास्त मोजावे लागतात आणि कमी झूमला रेघा केसासारख्या बारीक दिसतात. नॉबच्या क्लिकवर मात्र झूमचा काहीच परिणाम नाही, दोन्ही प्रकारांत.

खुणांवरून अंतर काढत असाल तर हे फार जपा. टार्गेटची उंची मीटरमध्ये घ्या, हजारानं गुणा, मिलनं भागा. १.८ मीटरचा बोर्ड ३ मिल दिसला तर ६०० मीटर. तोच चुकीच्या झूमवर दीड मिल वाचलात तर तुम्ही १२०० चं अंतर धरून बसाल आणि गोळी कुठल्या कुठं जाईल.

प्रश्न: वाऱ्यासाठी क्लिक फिरवायचे का नेम बाजूला धरायचा?
– दोन-तीन वाचकांनी विचारलंय

उत्तर: उंचीसाठी फिरवा, वाऱ्यासाठी धरा, माझं तरी असं मत आहे, पण यावर क्लबाक्लबात भांडणं आहेत. उंचीची दुरुस्ती अंतरावर ठरते आणि अंतर काही दर मिनिटाला बदलत नाही. वारा बदलतो, आणि झेंड्याकडे बघून दोन क्लिक फिरवेपर्यंत झेंडा दुसरीकडे वळलेला असतो, मग आपण आत्ता किती फिरवून ठेवलंय हेच विसरायला होतं. कोनाचा फायदा इथं असा की वाऱ्याचा हिशोब सरळ प्रमाणात चालतो. ताशी १० किलोमीटरच्या आडव्या वाऱ्याला एखाद्या अंतरावर ०.८ मिल लागतात असं अ‍ॅप म्हणत असेल तर ५ च्या वाऱ्याला ०.४, तोंडी झालं. वारा तिरका, रेषेपासून ३० अंशातून येत असेल तर आडव्याच्या निम्मा धरा, ४५ अंशातून असेल तर साधारण ७० टक्के.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी एक होतं. तापलेली हवा विरळ असते, गोळीला अडथळा कमी, म्हणून जानेवारीत लिहून ठेवलेले आकडे मे महिन्यात लांबच्या अंतरावर जरा वर मारतात. हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची पानं वहीत वेगळी ठेवा.

प्रश्न: कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला २०२४ मध्ये पदक घेतलं तेव्हा त्याच्या रायफलवर स्कोप दिसला नाही. मग ही मापं त्याला लागत नाहीत?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर: लागतात की, फक्त भिंग नसतं. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही, मागं बारीक छिद्राची डायॉप्टर साइट आणि पुढं गोल कडी, त्या मागच्या साइटलाच क्लिकचे नॉब. त्यानं कांस्यपदक घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. त्यातलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, ५० मीटरवरून तो कोन पाऊण एमओएच्याही आत येतो. पौर्णिमेचा चंद्र आपल्याला साधारण ३१ एमओए रुंद दिसतो, त्याचे चाळीसहून जास्त भाग केले तर एक भाग त्या दहाच्या वर्तुळाएवढा. आणि हे उभं राहून, भिंगाशिवाय!

प्रश्न: मी नवीन आहे. पहिला स्कोप एमओएचा घेऊ का मिलचा, एका वाक्यात सांगा.
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर: तुमच्या शेजारी बसून टेलिस्कोपमधून बघणारा माणूस ज्यात बोलतो तो घ्या, कारण तो "अर्धा मिल डावीकडे" म्हणाला आणि तुमच्या नॉबवर एमओए असले तर तुम्ही गुणाकार करत बसणार आणि तेवढ्यात वारा बदलणार.